कागदावर १९४३, चॅसीवर १९४१ : युद्धकाळातल्या डॉज पिकअपचं उत्पादन-वर्ष पडताळताना

अमेरिकेतली गाडी. डॉज, अर्ध्या टनाची, चारही चाकांना जोर देणारी, बंद केबिनची, मागे लोखंडी हौदा. मालकीच्या कागदावर लिहिलंय : ‘१९४३ डॉज डब्ल्यूसी’. ओळख-क्रमांकाच्या रकान्यात टी-२१४ ने सुरू होणारा आकडा. बोनेट उघडलं तर ब्लॉकवर तोच आकडा ठोकलेला, आणि ब्लॉकच्या ओतकामात उठावदार अंक : ८-२१-४३. डॅशवर एक चकचकीत प्लेट, तिच्यावरही १९४३.

तीन पुरावे एकच साल सांगतायत म्हटल्यावर बहुतेक खरेदीदार इथेच थांबतात. पण गाडीपासून दहा पावलं मागे जाऊन तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी शंका येते, कारण या ठेवणीची पिकअप १९४३ मध्ये बनतच नव्हती. खाली मांडलेली गाडी हा नमुना आहे : अशा गाड्यांमध्ये पुन्हा पुन्हा सापडणारे घोटाळे एकाच गाडीत आणून, ते कोणत्या क्रमाने सोडवायचे ते दाखवलं आहे.

‘डब्ल्यूसी’ म्हणजे नक्की काय

निम्मा गोंधळ नावातच आहे. ‘डब्ल्यूसी’ म्हणजे ‘वेपन्स कॅरिअर’, शस्त्रं वाहून नेणारी गाडी, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. डॉजच्या अंतर्गत संकेतात ‘डब्ल्यू’ हे १९४१ या मॉडेल-वर्षाचं अक्षर आणि ‘सी’ हे अर्ध्या टनाच्या वर्गाचं. १९३९ ची गाडी टीसी, १९४० ची व्हीसी, १९४१ ची डब्ल्यूसी. पुढे लष्कराने पाऊण टनाच्या नव्या गाड्यांनाही तीच अक्षरं चालू ठेवली, आणि त्यांतल्या सर्वांत जास्त बनलेल्या डब्ल्यूसी-५१ आणि ५२ या खरोखरच वेपन्स कॅरिअर असल्याने लोकांच्या डोक्यात तो अर्थ पक्का बसला.

म्हणजे ‘डॉज डब्ल्यूसी’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गाड्या येतात. पहिली, नागरी बाजारात विकलेली दोन-चाकी-ड्राइव्हची अर्ध्या टनाची पिकअप. तिचं मॉडेल १९४७ पर्यंत चाललं, मात्र १९४२ मध्ये नागरी उत्पादनावर युद्धाचे निर्बंध आले. दुसरी, लष्करी अर्ध्या टनाची. ती १९४० च्या अखेरीपासून १९४२ च्या पूर्वार्धापर्यंत बनली, आणि पुरवठा-यादीत तिचा गट जी-५०५. तिसरी, लष्करी पाऊण टनाची. ती १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत बनली, आणि तिचा गट जी-५०२. एकट्या डब्ल्यूसी-५१ सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. त्यामुळे आज बाजारात तिचीच इंजिनं, तिचीच चाकं आणि तिच्याच प्लेटांच्या नकला भरपूर मिळतात. अर्ध्या टनाच्या बंद केबिनच्या लष्करी पिकअप त्यामानाने थोड्या. त्यांतली सर्वांत जास्त संख्येची डब्ल्यूसी-१२ सुद्धा सहा हजारांच्या घरात.

अर्ध्या टनाच्या गाड्यांना इंजिनाच्या संकेतावरून मालिका लावता येते, आणि पडताळणीचा कणा हाच आहे. डब्ल्यूसी-१ ते ११ मध्ये टी-२०७. डब्ल्यूसी-१२ ते २० मध्ये टी-२११. त्यानंतरच्या डब्ल्यूसी-२१ ते २७ आणि ४० ते ४३ मध्ये टी-२१५. टी-२०७ आणि टी-२११ दोन्ही २१७.८ घनइंचाची, टी-२१५ मात्र २३०.२ घनइंचाचं. पाऊण टनाच्या टी-२१४ चीही क्षमता २३०.२ च.

आता आपल्या गाडीकडे. टी-२१४ हे पाऊण टनाच्या गाडीचं इंजिन. ते अर्ध्या टनाच्या बंद केबिनच्या गाडीत का?

आधी टेप, मग नंबर

नंबर वाचायच्या आधी गाडी मोजावी. नंबर खोडता येतो, प्लेट विकत मिळते, पण चॅसीची लांबी कोणी सहज बदलत नाही.

पुढची चाकं सरळ करून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावावी. लष्करी अर्ध्या टनाच्या पिकअपचा व्हीलबेस ११६ इंच, म्हणजे २,९४६ मिलिमीटर. डब्ल्यूसी-५१ आणि ५२ चा ९८ इंच, म्हणजे २,४८९ मिलिमीटर. फरक जवळपास दीड फुटाचा आहे, चुकायला जागाच नाही. डॉजच्याच युद्धानंतरच्या नागरी ट्रकचा, पॉवर वॅगनचा, १२६ इंच. डाव्या-उजव्या मापात बोटभर फरक आला तर पाट्यांच्या शॅकल झिजल्यात किंवा चॅसीला मार बसलाय, हे वेगळं नोंदवून ठेवावं. आपली गाडी दोन्हीकडून ११६ इंच भरते.

एवढ्यावर भागत नाही. नागरी डब्ल्यूसीही ११६ इंचाचीच, आणि तिच्याखाली नंतर पुढचा ड्राइव्ह बसवून ‘लष्करी’ गाडी तयार केल्याची उदाहरणं असतात. म्हणून दुसरी कसोटी, अ‍ॅक्सलच्या गुणोत्तराची. लष्करी अर्ध्या टनाला ४.८९, पाऊण टनाला ५.८३. अ‍ॅक्सल न उघडता हे असं मोजतात :

गिअर न्यूट्रल, पुढचा ड्राइव्ह सुटा. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर चालत नाही, मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर चालतो. म्हणजे शाफ्ट फिरवायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे घट्ट ठोकल्याशिवाय जॅकला हात लावू नये, आणि गाडी उचलल्यावर जॅकवर न ठेवता स्टँडवर बसवावी. मागचं एकच चाक उचलावं. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खुणा कराव्यात. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवावं आणि शाफ्टचे फेरे मोजावेत. दोन फेरे अशासाठी, की दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असताना डिफरन्शियलमुळे क्राउनला, म्हणजे शाफ्टशी जुळलेल्या मोठ्या दातेरी चक्राला, चाकाच्या निम्मीच फिरकी मिळते. एकच फेरा मोजून ‘गुणोत्तर अडीच निघालं’ म्हणून बुचकळ्यात पडणारे याच गोष्टीला चुकतात. शाफ्ट पाच फेऱ्यांना किंचित कमी फिरला तर ४.८९. सहाला किंचित कमी फिरला तर ५.८३. मग हेच पुढच्या अ‍ॅक्सलवर. दोन्हीकडे एकच उत्तर यायला हवं. वेगळं आलं तर एक अ‍ॅक्सल दुसऱ्या गाडीचा आहे, आणि अशी गाडी कोरड्या रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये टाकली की ट्रान्स्फर केसचे दात जातात.

इथे दोन्हीकडे पाचाला किंचित कमी. म्हणजे मूळ लष्करी अर्धा टन, आणि अ‍ॅक्सल बहुधा तिचेच.

टायर बघण्यात वेळ घालवू नये. अर्ध्या टनाला ७.५०-१६ आणि पाऊण टनाला ९.००-१६ हे मूळ माप, पण ऐंशी वर्षांत चाकं कितीदा बदलली असतील. केबिनही सालासाठी निरुपयोगी, कारण १९३९ ते १९४७ च्या नागरी ट्रकची, लष्करी बंद केबिनची आणि पॉवर वॅगनची केबिन मूळ एकाच ठेवणीतली आहे, आणि अमेरिकेत पॉवर वॅगन १९६८ पर्यंत विकली गेली. सडलेल्या केबिनच्या जागी तिची केबिन आणून बसवणं हा जुनाच रिवाज.

इंजिन खरं बोलतं, पण स्वतःपुरतं

इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या टोकाशी, डायनामोच्या वर आणि हेडच्या खाली असलेल्या सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. ही जागा रॉकेल आणि पितळी ब्रशने साफ करावी. ग्राइंडर किंवा पोलादी वायर-व्हील अजिबात लावू नये, कारण अंकांची खोली जेमतेम असते आणि एकदा गेलेला ठसा परत येत नाही. साफ झाल्यावर टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा. मूळ यंत्रकामाच्या बारीक समांतर रेघा उंचवट्यावर सलग दिसल्या तर नंबर मूळचा. अंकांच्या खालीच रेघा गायब आणि कडेला मात्र शाबूत, असं असेल तर जागा घासून नंबर पुन्हा ठोकलाय. लष्करी कार्यशाळांत इंजिनं पुन्हा बांधली जात, तेव्हाही असं होई, त्यामुळे घासलेला नंबर म्हणजे लबाडीच असं नाही.

ओतकामाची तारीख त्याच अंगाला ब्लॉकवर शोधावी. क्रायस्लर घराण्याच्या या साइडव्हॉल्व्ह सहा-सिलिंडर इंजिनांवर ती सरळ अंकांत असते, पण अमेरिकी रीतीने : आधी महिना, मग दिवस, मग साल. ८-२१-४३ मध्ये घोटाळा होत नाही, कारण एकविसावा महिना नसतो. पण ४-७-४३ असं असतं तर आपल्याकडचा माणूस ते ४ जुलै वाचेल. ती ७ एप्रिल आहे.

ही तारीख ब्लॉक ओतल्याची. त्यावर यंत्रकाम व्हायचं, इंजिन जुळायचं, मग ते गाडीत चढायचं. म्हणजे ओतकामाची तारीख ही खालची मर्यादा : तो भाग मूळचा असेल तर गाडी त्या तारखेच्या आधीची असू शकत नाही. सगळं वजन ‘मूळचा असेल तर’ या शब्दांवर आहे.

नंबरावर विसंबायचं नसेल तर इंजिनाचं पोट मोजता येतं, तेही हेड न काढता. हेडवर सहाव्या, म्हणजे सर्वांत मागच्या सिलिंडरच्या बरोबर वर एक छोटा बुच असतो, १/८ इंच पाइप-आट्यांचा. त्याच्या आजूबाजूची माती आधी फुंकून काढावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. बुच काढून सरळ, ताठ तार आत सोडावी. तिचं वरचं टोक वाकवून ठेवावं, म्हणजे ती आत पडणार नाही. सगळे स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने हळू फिरवावं. पिस्टन सर्वांत वर असताना तारेवर एक खूण, सर्वांत खाली असताना दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे स्ट्रोक. ४ ३/८ इंच, म्हणजे १११ मिलिमीटर आलं तर २१७.८ घनइंचाचं इंजिन. ४ ५/८ इंच, म्हणजे ११७.५ मिलिमीटर आलं तर २३०.२ चं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, दोन्हीची सव्वातीन इंच. तार तिरकी गेली तर माप एक-दोन मिलिमीटर वाढून येतं, पण दोन स्ट्रोकमधला फरक सहा मिलिमीटरहून जास्त असल्याने निकाल बिघडत नाही. बुच बसवताना जास्त आवळू नये, आटे जुने असतात.

आपल्या गाडीत ११७ आणि ११८ च्या मध्ये माप आलं. नंबर, तारीख आणि स्ट्रोक तिन्ही जुळले : हे अस्सल टी-२१४ आहे, १९४३ चंच आहे. आणि या चॅसीत ते मूळचं असू शकत नाही. दोन्ही इंजिनं एकाच घराण्याची, २३ इंची हेडची, त्यामुळे मोठं इंजिन छोट्याच्या जागी फारशी काटछाट न करता बसतं. लष्करात किंवा लष्कराबाहेर, कुठेतरी ही अदलाबदल झाली.

दोन साक्षीदार, पण एकाच तोंडाने बोलणारे

मग कागदावर १९४३ का? त्या काळी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मालकीच्या कागदावर चॅसी नंबराऐवजी इंजिन नंबर लिहीत. शिलकी लष्करी गाडी लिलावात निघाली, कोणी घेतली, नोंदणीच्या खिडकीवर गेली. कारकुनाने बोनेटखालचा नंबर उतरवला, साल विचारलं, आणि जे सांगितलं गेलं ते लिहिलं : कधी इंजिनाचं, कधी लिलावाचं, कधी अंदाजाने. इथे कागदाचं साल इंजिनावरूनच आलेलं आहे. म्हणून कागद आणि इंजिन जुळणं हा दुजोरा ठरत नाही. एकाची नक्कल दुसऱ्यात आहे. पडताळणीत सर्वांत जास्त फसगत याच जागी होते : पुरावे मोजले जातात, पण ते एकमेकांवर उभे आहेत का, हे तपासलं जात नाही.

प्लेटचंही तेच. खऱ्या लष्करी प्लेटवर गाडी लष्कराच्या ताब्यात दिल्याची तारीख ठोकलेली असते, आणि खरी प्लेट हाती लागली तर तिच्याइतका सोपा पुरावा नाही. पण नव्या कोऱ्या नकला तारखेचा रकाना मोकळा ठेवून विकल्या जातात, आणि विकत घेणारा त्यात कागदावरचं साल ठोकतो. म्हणून प्लेट वाचण्याआधी तिची पाठ बघावी. एक स्क्रू सैल करून कडा किंचित उचलली की खालचा रंग दिसतो. मूळ प्लेटखाली सर्वांत जुना रंग असतो, नंतर लावलेल्या प्लेटखाली सगळे थर. पत्र्यात जुनी, न जुळणारी भोकं बुजवलेली आहेत का तेही पाहावं. आणि प्लेटवरची लांबी, रुंदी, वजन-क्षमता प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावी. इथे प्लेट पाऊण टनाच्या गाडीची निघाली, आणि तिच्याखाली रंगाचे चार थर.

प्लेटवर खरेदी-खात्याचं नाव असेल तर आणखी एक खूण मिळते. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकी लष्कराच्या मोटारगाड्यांचा कारभार क्वार्टरमास्टर कोअर या पुरवठा-खात्याकडून ऑर्डनन्स या शस्त्रसामग्री-खात्याकडे गेला. म्हणून प्लेटवर ऑर्डनन्सचं नाव असेल तर ती त्यानंतरची. उलट मात्र खरं नाही : क्वार्टरमास्टरच्या काळात केलेले करार पुढेही पुरे होत राहिले, त्यामुळे ‘क्यूएम’ (क्वार्टरमास्टर) असलेला करार-क्रमांक दिसला म्हणजे गाडी ऑगस्ट १९४२ च्या आधीचीच, असं म्हणता येत नाही.

चॅसी आणि बोनेट

उरले दोन स्वतंत्र साक्षीदार. चॅसीवरचा ठोकलेला नंबर, आणि बोनेटवर रंगवलेला लष्करी नोंदणी-क्रमांक.

चॅसीच्या पुढच्या भागात दोन्ही रेल बाहेरून, बंपरपासून पुढच्या पाट्यांच्या मागच्या टोकापर्यंत साफ कराव्यात. रंग काढायला रासायनिक रंगकाढू आणि नायलॉन ब्रश. सँडब्लास्ट केलेल्या चॅसीवर ठसा उथळ होतो, आणि वर जाड पावडर-कोटिंग असेल तर पूर्ण बुजतो. तेव्हा बोटांनी चाचपून उंचसखलपणा जाणवतो का पाहावं. सापडला की खडूची पूड चोळावी, पुसावी, तिरका उजेड टाकून फोटो घ्यावा, आणि पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा उतरवून घ्यावा. फोटोत उजेडामुळे ३ चा ८ होतो. कागदावर होत नाही. मूळ ठोकणी हाताची असते, अंक थोडे वरखाली आणि कमीजास्त खोल असतात. एका ओळीत, एकाच खोलीचे, तीक्ष्ण कडांचे अंक दिसले तर सावध व्हावं.

बोनेटच्या बाजूंवर लष्करी क्रमांक असे, ‘यूएसए’ आणि ‘डब्ल्यू’ या अक्षरांनंतर, आणि हलक्या ट्रकांसाठी २ ने सुरू होणारा. युद्धाच्या बऱ्याच काळात तो पांढरा नव्हता. ऑलिव्ह रंगावर निळसर करड्या रंगात असे, आणि म्हणून घाईने घासणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायला सुरुवात, खालचा हिरवा दिसू लागला की ६०० किंवा त्याहून बारीक. एका वेळी तळहाताएवढीच जागा. दर थराला थांबून, पृष्ठभाग ओला असतानाच फोटो. कोरडा झाला की निळा आणि हिरवा एकच दिसतात. एका बाजूने अर्धेच अंक मिळाले तर उरलेले दुसऱ्या बाजूने मिळण्याची शक्यता असते. म्हणून दोन्ही बाजू एकाच दिवशी खरवडून टाकू नयेत. या गाडीत सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचं काम हेच होतं.

बोनेट दुसऱ्या गाडीचं असू शकतं. पण अर्ध्या टनाचं उतरतं बोनेट पाऊण टनाच्या रुंद, बसक्या बोनेटपेक्षा इतकं वेगळं आहे, की निदान ते अर्ध्या टनाच्याच गाडीचं, हे नक्की. दोन्ही क्रमांक त्या काळच्या करारवार याद्यांशी ताडले, आणि दोन्ही एकाच, टी-२११ च्या करारात बसले. चॅसीवरचा ठोकलेला आणि बोनेटवरचा रंगवलेला, एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन आकडे एका करारात येणं, हा खरा दुजोरा.

तिसरा कागदातून आला. सध्याच्या मालकाने राज्याच्या वाहन खात्याकडे स्वतःच्या गाडीच्या जुन्या नोंदीची प्रत मागितली, तेव्हा आधीच्या नोंदणीत वेगळा इंजिन नंबर निघाला, टी-२११ ने सुरू होणारा. म्हणजे इंजिन नागरी मालकीत आल्यावर बदललं, आणि नवा कागद नव्या इंजिनावरून बनला. जुनी नोंद मागण्याचा खर्च किरकोळ असतो आणि ती मालकालाच मिळते. विक्रीआधी खरेदीदाराने विक्रेत्यालाच ती मागायला लावावी.

अहवालात काय लिहावं

‘लष्करी अर्धा टन, टी-२११ मालिका, बंद केबिनची पिकअप, डब्ल्यूसी-१२ गटातली. उत्पादन-वर्ष १९४१. सध्याचं इंजिन टी-२१४, ओतकाम ऑगस्ट १९४३, नंतर बसवलेलं. डेटा प्लेट नंतरची.’ एवढंच. महिना लिहू नये. करार कळला म्हणजे महिना कळला असं होत नाही, आणि ताबा-तारखेची मूळ प्लेट हाती नाही. हौदा, केबिन आणि चाकं यांच्यापुढे ‘सालासाठी विचारात घेतलेलं नाही’ असं स्पष्ट नोंदवावं, नाहीतर पुढचा वाचणारा त्यांनाही १९४१ चं समजतो. प्रत्येक विधानासमोर फोटोचा क्रमांक आणि चॅसीच्या ठशाचा मूळ कागद जोडावा.

मग मालकीचा कागद चॅसी नंबरावर दुरुस्त करून घ्यायचा. त्यासाठी सरकारी तपासनीसाने गाडी प्रत्यक्ष पाहावी लागते. तोपर्यंत चॅसीवर रंग मारू नये, आणि टी-२१४ इंजिन काढून विकू नये. जुन्या कागदावरचा नंबर त्याच्यावर आहे. कागद बदलण्याआधी ते गेलं, तर कागद एका गाडीचा आणि गाडी दुसरीच, अशी स्थिती होते.

आपल्याकडे हीच तपासणी करणाऱ्यांसाठी एक फरक. महायुद्धानंतर डिस्पोजलमध्ये, म्हणजे शिलकी लष्करी मालाच्या विक्रीत, निघालेल्या गाड्या इथेही नागरी वापरात आल्या, आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक जोडायला घेतल्यावर त्याच घराण्याची पेट्रोल इंजिनं सहज मिळू लागली. पुढे कित्येक डॉजमध्ये पर्किन्सचं पी-६ डिझेल बसलं. अशा गाडीत इंजिनाकडून सालाबद्दल काहीही मिळत नाही. व्हीलबेस, अ‍ॅक्सलचं गुणोत्तर आणि चॅसीचा ठसा, या तिघांवरच काम करावं लागतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी पन्नास वर्षांची अट आहे. १९४१ असो वा १९४३, ती अट दोन्हीकडे पुरी होते. पण त्याच नियमांत गाडी मूळ स्वरूपात असण्याचीही अट आहे, आणि तिथे इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात आहे की नाही, हे आधी पाहावं लागतं.